कचराडेपोखालच्या विहिरी

आमच्या पाणी तपासायच्या लॅबमध्ये एक जाडजूड रजिस्टर होतं. त्यातला शेवटचा रकाना 'शेरा'. तो इतका अरुंद, की 'नमुना गढूळ' एवढं लिहिलं की भरला! त्यामुळे खरं काय घडलं ते सगळं आमच्या डोक्यात साचत गेलं. आता दोन जुने सहकारी भेटले की एकाने एक किस्सा काढायचा, दुसऱ्याने त्यावर दुसरा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीत सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावर, शहराचा कचरा टाकायची एक जागा होती. ती बंद करून वर माती लोटली होती. पण आत कचरा कुजतच होता, आणि खाली उतारावर सात घरांची एक वाडी होती. कचऱ्याचं पाणी वाडीच्या विहिरींत उतरतं का आणि वर गॅस किती निघतो, हे दर महिन्याला बघायचं आमचं काम. पाणी खराब निघालं तर वाडीला नळ मिळणार होता. चांगलं निघालं तर आहे तेच प्या!

आम्ही तिघं जायचो. सांगलीकडचे माने साहेब, जीपचे ड्रायव्हर इस्माईलभाई आणि मी, लॅब असिस्टंट.

*

गॅस मोजायला मातीत लोखंडी पाइप रोवले होते. मीटर एकच, आणि ते साहेबांशिवाय कोणी हातात घ्यायचं नाही. एकदा भर सड्यावर त्याची बॅटरी संपली. साहेबांचा चेहरा पडला.

इस्माईलभाई कानावरची बिडी काढत म्हणाले, "साहेब, आत गॅस आहे का, एवढंच बघायचं ना? काडी ओढून धरतो पायपावर."

"आणि उडालात तर?"

"मग रीडिंग जास्त लिहा!"

त्या दिवसापासून सड्यावर चढायच्या आधी इस्माईलभाईंची काडेपेटी साहेबांच्या खिशात जमा व्हायची.

*

तीन नंबरच्या पाइपाचं रीडिंग अचानक शून्यावर आलं. पुढच्या महिन्यातही शून्य. साहेब खूश. "कचरा थंड होतोय," म्हणाले.

तिसऱ्या महिन्यात मी वाकून बघितलं, तर पाइपाच्या तोंडात नारळाचं सोडण, म्हणजे वरची साल, गच्च ठोकलेलं! उपसून काढलं तर असा भपकारा आला, की मीटरचा काटा शेवटाला जाऊन टेकला.

वाडीतले धोंडूआबा गुरं घेऊन तिथेच उभे होते. म्हणाले, "मीच मारलंय बूच. वास येत व्हता. तुमी झाकन लावायला इसरला असाल, म्हटलं आपन लावूया."

साहेबांनी ते सोडण लांब भिरकावलं. आबांनी वर विचारलं, "बाकीच्या पायपांना पन लावू काय?"

*

हा किस्सा खुद्द साहेबांचा. कचऱ्याच्या पायथ्याशी तांबूस पाणी झिरपायचं. त्याची एक बाटली मोठ्या लॅबकडे पाठवायची होती. त्याच दिवशी साहेबांना सासुरवाडीला कोकमाचं आगळ, म्हणजे मीठ घालून टिकवलेला रस, धाडायचं होतं. दोन्ही बाटल्या सारख्या, दोन्ही एसटीने. पॅकिंग साहेबांनी स्वतः केलं, कारण आमच्यावर विश्वास नाही!

मोठ्या लॅबचा रिपोर्ट आला: 'नमुना अत्यंत आंबट, मिठाचं प्रमाण बेसुमार, रंग गडद लाल. जनावरांनाही देऊ नये.'

साहेब हादरले. वाडी रिकामी करावी लागेल की काय, अशी भाषा सुरू झाली. तेवढ्यात सासूबाईंचं कार्ड आलं. 'जावईबापू, यंदाचं आगळ वाटेत नासलं. बूच काढलं आणि लगेच ओतून दिलं. तुमच्या भावना पोचल्या.'

साहेबांनी ते कार्ड फाडलं. पण आधी इस्माईलभाईंनी वाचलं होतं.

*

आता भुवडकाकी.

वाडीतली कचऱ्याला सगळ्यात जवळची विहीर त्यांची. मुलगा-सून मुंबईला, घरात काकी आणि दोन लहान नाती. खरं तर नमुना मी स्वतः विहिरीतून काढायला हवा होता. पण विहीर खाली आणि पाइप वर. म्हणून सकाळी जाताना मी कॅन काकींच्या ओट्यावर ठेवायचो. आम्ही उतरेपर्यंत त्या तो भरून ठेवायच्या, शिवाय चहा पाजायच्या. ही माझी आळशी चूक, आणि ती मी पाच महिने केली.

गंमत अशी, की लांबच्या विहिरी महिन्यागणिक बिघडत होत्या आणि काकींचं पाणी मात्र सगळ्यात स्वच्छ! साहेबांनी रात्रंदिवस विचार करून तीन पानी टिप्पणी लिहिली. इथला जांभा दगड पाणी गाळून शुद्ध करतो, तेव्हा वाडीला नळाची गरज दिसत नाही. टाइप मी केली. आजही ती आठवली की मान खाली जाते.

टिप्पणी सहीला जाणार त्याच आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो. कॅन ठेवून वर निघालो, तर अर्ध्या वाटेत लक्षात आलं, की मीटर जीपमध्येच राहिलं. परत फिरलो. वाडीखालच्या देवळाच्या वळणावर समोरून भुवडकाकी येत होत्या. धापा टाकत, कमरेवर आमचा कॅन.

"काकी, हे पाणी कुठलं?"

"झऱ्याचं. देवळामागच्या."

"आणि मागच्या महिन्यातलं?"

"त्ये पन. दर येळी हितलंच आनते."

साहेबांचा आवाज चढला. "अहो, आम्हाला तुमच्या विहिरीचं पाहिजे होतं!"

काकींना ते लागलं. कॅन खाली ठेवून म्हणाल्या, "इहिरीचं? त्येला वास मारतो. येवढा डोंगर चढून आलेली मानसं तुमी, तुमच्या कॅनात तसलं पानी भरून द्यायचं? आमाला काय रीतभात हाय का नाय?"

साहेब एकदम हळू बोलले. "मग विहिरीच्या पाण्याचं काय करता?"

"झरा लांब पडतो वो, रोज कोन जानार?" काकींनी कॅन पुन्हा कमरेवर घेतला. "त्ये आमी पिताव."