आईचा तळवा

रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. शंकर नगरात रोज नवी पाटी लागायची. त्यातल्या एकीवर ‘पायांचे डॉक्टर’ असं वाचून मी खो-खो हसलो होतो. म्हटलं, आता डाव्या कानाचाही वेगळा डॉक्टर येईल!

आम्ही मूळचे विदर्भातले, पण सणावाराला पायांना माहूर, म्हणजे लाल आळता, लावायची इथली रीत आईने शेजारणींकडून उचलली होती. दसऱ्याला तिच्या लालभडक पायांवर मी डोकं ठेवलं. संध्याकाळी फरशीवर लाल ठसे दिसले आणि मी खेकसलो, “माहूर वाळू तरी दे ना, आई!” ती “हव” म्हणाली आणि तिने मुकाट्याने पोछा मारला.

तिसऱ्या दिवशीही ठसे होतेच, तेही एकाच पायाचे. मग मात्र मी चरकलो. तिचा पाय उलटा करून पाहिला, तर अंगठ्याखाली जखम होती, चांगली खोल.

“मले तं काहीच दुखून नाही राहिलं,” आई म्हणाली. तिला कित्येक वर्षांपासून शुगर होती.

ज्या पाटीला हसलो, तिथेच गेलो. डॉक्टर ठेंगण्या स्टुलावर बसले आणि आईचा पाय त्यांनी सरळ मांडीवर घेतला. आईने तो झटकन ओढला. “नका धरू साहेब, पाप लागन मले!”

“माँजी, मेरा तो काम ही यही है,” ते हसले. त्यांनी माहूर पुसून काढला, आईला डोळे मिटायला लावले आणि नायलॉनचा बारीक, ताठ दोरा तळव्याला ठिकठिकाणी टेकवला. तिला काही कळतच नव्हतं. मग त्यांनी तिच्या चपलेत हात फिरवला. आतून वर आलेला खिळा बोटाला लागला.

“अंगठा वाचेल?” मी विचारलं.

“कोशिश करेंगे.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “भैया, माँ के पैर तो छूते होंगे. तलवा कब देखा था?”

मला लाज वाटली, फार वाटली.

दोन महिने त्या माणसाने स्वतःच्या हाताने मेलेली कातडी काढली, पट्ट्या बदलल्या. एकदाही कंटाळला नाही. इतका मोठा डॉक्टर, आणि बसायचा रोज आईच्या पायाशी. अंगठा वाचला.

आता दसऱ्याला पाया पडलो की मी लगेच उठत नाही. तिथेच बसतो, तिचा पाय मांडीवर घेतो आणि तळवा पाहतो. ती अजूनही पाय ओढते, “पाप लागन” म्हणते. मी सोडत नाही.