डिंकवाले डॉक्टर

डिंकवाले डॉक्टर पक्के शाकाहारी; पण दर शुक्रवारी मुर्रीच्या नाक्यावर कोंबडीच्या दोन तंगड्या घेत आणि कोंबडीवाल्याला बजावत, "मांस कसंही काप, नस तुटता कामा नये." तो मला गुपचूप विचारी, "सिस्टर, साहेब नसा खातेत का जी?"

खातात कसले! ऑपरेशन थिएटरमागच्या खोलीत मायक्रोस्कोपखाली ती रक्ताची नस कापत आणि औषधी डिंकाने पुन्हा जोडत. केसाहून बारीक धाग्याचे आठ-दहा टाके घालण्यापेक्षा तीनच टाके आणि मध्ये डिंक, हा त्यांचा ध्यास. "लावायचा तो बाहेरून," असं म्हणत. "एक थेंब आत गेला की नस बंद, आणि आपलं तोंडही बंद." या नादात चिकटलेली त्यांची बोटं मी चारदा सोडवली, एकदा तर चहाच्या कपासकट.

जंगलपट्ट्यात याचा भलताच बोभाटा झाला. डॉक्टर डिंकाने माणसं जोडतात म्हटल्यावर लोक धावड्याचा डिंक फडक्यात बांधून आणू लागले. डॉक्टर प्रत्येक पुरचुंडी भिंगाखाली धरत आणि गंभीरपणे सांगत, "माल उत्तम आहे." मग त्यांच्या मॅडम त्याचे लाडू करत. ते खाऊन आम्ही सगळा स्टाफ बाळंतिणीसारखे गुटगुटीत झालो होतो.

अशातच कामठ्याची फुलवंता आली. वैरणीच्या कुट्टी मशीनमध्ये तिचा उजवा अंगठा तुटला होता. विड्या वळून घर चालवणारी बाई. अंगठ्याशिवाय पान वळणार कशी? सासऱ्याच्या एका हातात बर्फात ठेवलेला अंगठा, दुसऱ्या हातात शेरभर डिंक. "बाजारचा कायले लावता, डॉक्टरसाहेब? हा माह्या हातानं काढला आहे." डॉक्टरांनी पुरचुंडी आदराने घेतली आणि दाराशी ठेवली.

आत त्यांनी हाड बसवलं, नस तीन टाक्यांवर धरली, आपला डिंक लावला. अंगठा पांढराच राहिला. रक्त पोचतच नव्हतं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "थेंब आत गेला, सिस्टर. माझाच हात चुकला. धागा द्या." नसेचा चिकटवलेला तुकडा त्यांनी कापून ट्रेमध्ये टाकला आणि नऊ टाके घातले. अंगठा हळूहळू गुलाबी झाला, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

बाहेर येऊन त्यांनी सरळ सांगून टाकलं, "डिंकाने नाही जमलं, बाबा. धाग्याने जमलं."

म्हातारा उखडलाच. "म्हणूनच सांगून राहिलो होतो, आमचा लावा म्हून!"

डॉक्टर निवृत्त झाले त्या दिवशी निरोपाच्या कार्डावर आम्ही सह्या करत होतो. फुलवंताही आली होती. ती दहावी पास, अक्षर मोत्यासारखं. तरी तिने पेन बाजूला सारलं आणि शाईचा पॅड मागितला.

मी म्हटलं, "अगं, सही येते ना तुला?"

"येते जी. पर सही माही आहे," ती म्हणाली. "अंगठा सरांचा आहे."

तिने उजवा अंगठा दाबून उमटवला. मला रडूच फुटलं. शाई वाळेपर्यंत डॉक्टर त्या ठशावर फुंकर घालत राहिले.