शालनचा पहिला रिपोर्ट

रजिस्टरात मी वेळ लिहिली साडेअकरा. भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन वाजले होते. याला मी चूक म्हणत नाही. चूक त्याआधीच झाली होती. सव्वाअकराला आलेला नमुना टेबलावर ठेवून मी शेजारच्या एक्स-रेच्या खोलीत क्रिकेटची कॉमेंट्री ऐकायला गेलो, ती चूक. साडेअकरा हे मी पूर्ण शुद्धीत, चांगल्या अक्षरात लिहिलेलं खोटं होतं.

तेव्हा मी मिरजेतल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन होतो. नोकरीला चौदा वर्षं झाली होती. पुण्याची ब्रॉडगेज नुकतीच सुरू झाल्यामुळे सातारा बाजूचे पेशंट आमच्याकडे वाढले होते. गावाकडच्या डॉक्टरला कळेनासं झालं की माणूस मिरजेची गाडी धरायचा. पोटाचे पेशंट सगळ्यात जास्त. पोट दुखतं, जुलाब होतात, चार दिवस बरं वाटतं, पुन्हा चालू. कारण सापडत नाही.

शालन अशांपैकीच एक. वय बावीस-तेवीस. सासर पलूसला, माहेर कोरेगावला. नवरा फौजेत, तिकडे ईशान्य सरहद्दीवर, नेफाच्या बाजूला. दीड वर्षाची मुलगी, मंगल. सात महिन्यांपासून पोटात कळा येत होत्या आणि ती निम्मी झाली होती. सासरे, तात्या, तिला घेऊन आले होते. ऊसवाले, बोलायला सरळ माणूस. रक्त झालं, लघवी झाली. बेरियम झालं. म्हणजे खडूच्या पाण्यासारखं पांढरं औषध पाजायचं आणि ते पोटातून कसं उतरतं याचे फोटो काढायचे. बायका ते पिताना ओकतात. शालनने ग्लास एका दमात रिकामा केला आणि विचारलं, "आता सापडंल न्हवं?" हे मला एक्स-रेवाल्याने नंतर सांगितलं.

काही सापडलं नाही. मग डॉक्टरसाहेबांनी स्टूल, म्हणजे शौचाचा नमुना, तपासायला पाठवलं.

इथे थोडं समजावून सांगावं लागेल. आमांशाचा जंतू, अमिबा, आतड्यात असतो तोवर जिवंत असतो आणि हालतो. नमुना गरम असताना, अर्ध्या तासाच्या आत, मिठाच्या पाण्याच्या थेंबात कालवून मायक्रोस्कोपखाली धरला तर तो सरकताना दिसतो. थंड झाला की तो गोळा होऊन बसतो आणि मग त्याच्यात आणि पूच्या पेशीत फरक कळत नाही. आणखी उशीर झाला तर तो फुटून जातो, दिसतच नाही. म्हणून रजिस्टरात दोन वेळा लिहायच्या असतात. नमुना कधी आला आणि कधी बघितला. अडीच तास थंड पडलेल्या नमुन्यात मला काही दिसलं नाही. दुसरा मागायला हवा होता. पण मग उशीर का झाला हे सांगावं लागलं असतं.

रिपोर्ट घ्यायला तात्या खिडकीशी आले. मागे शालन पदर दाताखाली धरून उभी होती.

"सायेब, काय निगालं?"

"काही नाही. क्लीन आहे."

"म्हंजी काय बी न्हाई?"

"काही नाही."

तात्यांनी कागदाची घडी घातली. शालन पुढे आली. "आवं, मग दुखतंय ते काय?"

मला जेवायला जायचं होतं. मी म्हणालो, "ते आमच्या भिंगात दिसत नाही, बाई."

एक्स-रेवाला हसला. मीही हसलो.

पाच महिन्यांनी ती पुन्हा आली, भावाबरोबर. तिचं नाव चिठ्ठीवर नसतं तर मी ओळखलं नसतं. भाऊ हिंदुराव, कोरेगावला शेती करणारा, तिशीतला. त्याने खिडकीतून चिठ्ठी आत सरकवली.

"हितलाच कागुद तिला भोवलाय. आता हितंच बघा."

"भोवलाय म्हणजे?"

"म्हंजी काय? सासू म्हनली, डाक्टर म्हंत्यात पोटात काय न्हाई, हिच्या मनातच न्हाई नांदायचं. आठ दिसांत आनून सोडली माज्या दारात. पोरगी ठिवून घेतली. का, तर म्हनं आजारी आईजवळ नगं. आजारी न्हाई म्हनून हाकलली, आन् आजारी हाय म्हनून पोरगी ठिवली. बगा आता तुमच्या भिंगात काय दिसतंय का."

हे तो सहज बोलला की बहिणीने त्याला माझं वाक्य सांगितलं होतं, ते मी विचारलं नाही.

त्या दिवशी मी जागचा हललो नाही. नर्सला सांगून नमुना थेट हातात घेतला. स्लाइड टेबल-लॅम्पवर धरून कोमट केली. मायक्रोस्कोपमधून एका वेळी दिसतो त्या गोल तुकड्याला आम्ही फील्ड म्हणतो. चौथ्याच फील्डमध्ये तो दिसला. पाण्यासारखा काठ पुढे आला आणि मागचं सगळं अंग त्यात ओतलं गेलं. त्याच्या पोटात शालनच्याच रक्ताच्या लाल पेशी. मी एक तपासलं, दुसरं तपासलं, तिसरं तपासलं. सगळीकडे तो होता. मग मी जुनं रजिस्टर काढलं आणि साडेअकरा वाचलं.

डॉक्टरसाहेबांच्या खोलीत गेलो. त्यांनी स्वतः येऊन स्लाइड बघितली, उघडं रजिस्टर वाचलं.

"पहिल्यांदा कसा नाही सापडला? अर्ध्या तासात बघितलंयस तू."

"नाही सर. ती वेळ खोटी आहे."

"किती वाजता बघितलं होतंस?"

"पावणेदोन."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "खाडाखोड करायची नाही. खाली आजची तारीख घाल, खरं काय ते लिही, सही कर."

मी लिहिलं. सही केली.

"पेशंटला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला काय सांगतोस?"

शालनला वॉर्डात ठेवलं. इमेटिनची इंजेक्शनं सुरू झाली. ते औषध हृदयावर येतं, म्हणून पेशंटला पलंगावरून उतरू देत नाहीत. दहा दिवस ती खिडकीकडे तोंड करून पडून होती. खिडकीतून एस.टी. स्टँडकडे जाणारा रस्ता दिसायचा. मी रोज काही ना काही निमित्त काढून जायचो. तिने मला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. "तुमीच हुता खिडकीत," म्हणाली. त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "सायेब, पलूसची गाडी कवा येती?"

"कोणी येणार आहे का?"

"न्हाई. आसंच इचारलं."

मी घड्याळात बघून वेळ सांगितली. त्यानंतर ती रोज त्या वेळेला उशाला हात टेकून अर्धी उठून बसायची. नर्स ओरडायची. गाडी गेली की पुन्हा आडवी व्हायची.

एकदा म्हणाली, "मी निगाले तवा तिला 'आई' आन् 'भू' एवडंच येत हुतं. भू म्हंजी पानी. आता लय बोलत आसंल. पलूसचं कोन भेटलं की मी इचारते, मंगल काय बोलती. बाप्यांना काय सांगता येत न्हाई. म्हंत्यात, बोलती की. आवं पर काय बोलती?"

पलंगाच्या कडेला तिने बोटाने एक उंची दाखवली. "एवडी हुती." मग बोट जरासं वर नेलं, आणखी जरासं वर नेलं, आणि हात खाली घेतला.

तेव्हा बोलायला हवं होतं. वॉर्डात आम्ही दोघंच जागे होतो, बाकीचे पेशंट दुपारचे झोपले होते. माझ्या तोंडातून निघालं, "आता कळा थांबल्यात ना?"

"थांबल्यात," ती म्हणाली. मी लॅबमध्ये परत आलो. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण खरं कारण ते नव्हतं. तिने माझ्याकडे कसं बघितलं असतं, ते मला बघायचं नव्हतं.

ती बरी होऊन कोरेगावला गेली. मला वाटलं, आता नवा रिपोर्ट दाखवतील, सासरचे येऊन घेऊन जातील, मिटलं. तीन आठवड्यांनी हिंदुराव पुन्हा खिडकीशी उभा.

"तात्या म्हंत्यात, ह्यो कागुद तू वळख लावून करून घेतलास. पयल्यावर बी ह्योच शिक्का हाय. मग खरा कंचा?"

मी डॉक्टरसाहेबांकडून तात्यांच्या नावे पत्र लिहून घेतलं आणि पोस्टात टाकलं. उत्तर आलं नाही. हिंदुराव तिसऱ्यांदा आला तेव्हा खिडकीवर थांबला नाही, सरळ आत आला.

"सायेब, कागदावर कागुद धाडताय. तुमच्याकडं मानूस न्हाई व्हय?"

त्या रविवारी मी पलूसची गाडी धरली. ज्या गाडीची वेळ मी शालनला सांगितली होती, तिच्या उलट दिशेची.

तात्या सोप्यात बसले होते. सासूबाई शेंगा फोडत होत्या. मंगल टरफलांचा ढीग करत होती आणि पुन्हा पसरत होती. मी पाणी न पिताच बोलायला सुरुवात केली, कारण पाणी प्यायलो असतो तर हवापाण्यावर बोललो असतो. नमुना कधी आला, मी कुठे गेलो, कधी बघितला, काय लिहिलं, सगळं सांगितलं.

सासूबाईंचे हात थांबले नाहीत. "आमी चुलीवर दूध ठिवून उठत न्हाई. आन् तुमी मानसाचं पोट टेबलावर ठिवून गेलासा?"

"हो."

"क्रिकेट ऐकाय?"

"हो."

तात्या आत गेले. ट्रंकेतून पहिला रिपोर्ट घेऊन आले. घडी होती तशीच. "ह्ये बगून म्या लेकाला पत्र धाडलं. लिवलं, तुजी बायकू सोंग करती. फौजेतल्या मानसाला हे लिवलं म्या." त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला. "ह्येच्यावर लिवा."

मी इंग्रजीत लिहायला लागलो.

"मराठीत लिवा. लेकाला धाडायचाय."

मी लिहिलं, 'हा रिपोर्ट चुकीचा आहे. चूक तपासणाऱ्याची आहे.' खाली नाव आणि सही. तात्यांनी दोनदा वाचलं.

सासूबाई उठल्या. दांडीवरचा मंगलचा झबला काढला, झटकला, घडी घातली. "उद्या न्ह्या हिला कोरेगावला. सुनंला बी घिऊन या. मी येत न्हाई."

"का गं?" तात्या म्हणाले.

"काय सांगू जाऊन? तुमी जावा."

मी म्हणालो, मीही येतो. तात्यांना त्याचं कारण कळलं नाही, पण ते नको म्हणाले नाहीत.

लॅबमध्ये आलेल्या नव्या टेक्निशियनला मी आता पहिल्या दिवशी सांगतो, की नमुना थंड झाला असेल तर 'थंड' असं लिहा आणि दुसरा मागा. पेशंट कुरकुर करेल, डॉक्टर ओरडतील, तेवढ्यावर भागेल. मुलं मान डोलावतात. मीही त्यांच्या वयात मान डोलावली होती.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी तात्या, मंगल आणि मी पॅसेंजरने कोरेगावला गेलो. मंगल सगळा रस्ता खिडकीशी बोलत होती. तार, बैल, भोंगा, पूल. शालनला जे कुणी सांगू शकत नव्हतं ते सगळं मी ऐकत होतो आणि लक्षात ठेवायचा प्रयत्न करत होतो. कुणासाठी, कोण जाणे.

हिंदुरावने दारातूनच हाक मारली. शालन परसातून आली. हात ओले होते. अंगावर थोडं मांस आलं होतं. मुलीला बघून ती जागीच थांबली. मंगल तात्यांच्या धोतरामागे गेली.

"मंगे, आई बग तुजी," तात्या म्हणाले.

मंगलने मान हलवली. "मला आईकडं जायाचं," म्हणाली आणि रस्त्याकडे बोट दाखवलं. पलूसला आजीला ती आई म्हणायला शिकली होती.

तात्या तिला पुढे ढकलायला लागले. शालन म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. वढू नका तिला. यील." आणि उंबऱ्यावर बसली, पोरीपासून चार हातांवर. पदराला हात पुसत राहिली. नजर मंगलवरून काढली नाही. "केस लय वाडलं," स्वतःशीच म्हणाली.

मी गाडीत वाक्यं जुळवून ठेवली होती. कामाचा ताण, इमर्जन्सी, अनवधान असे शब्द होते त्यांत. त्यांतलं एकही खरं नव्हतं. मी तिच्यासमोर जाऊन जरा बाजूला खाली बसलो, म्हणजे तिला मुलगी दिसत राहील.

"ताई," मी म्हणालो, "तुमचा नमुना मी वेळेवर बघितला नाही. उशिरा बघितला आणि वेळ खोटी लिहिली. तुम्ही पहिल्यापासून खरं सांगत होता. ही तुम्हाला ओळखत नाही, ते माझ्यामुळे. हे महिने मला परत आणून देता येत नाहीत. मला माफ करा."