वरच्या ओळीत नसलेला जे

माझा स्वभाव लहानपणापासून संशयी. वाण्याने तराजू उचलला की मी काट्याकडे नाही, त्याच्या करंगळीकडे बघायचे. लोक ताक फुंकून पितात, मी पाणीही फुंकून प्यायचे. आई मालवणीत म्हणायची, "तुका कोणाचोच भरवसो नाय गो." ती वैतागून म्हणायची आणि मला ते कौतुक वाटायचं.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमधून सायन्सला गेलेल्या मुली दोनच, मी आणि वरच्या मजल्यावरची माझी मैत्रीण. तिला गणित जड जायचं, म्हणून संध्याकाळी गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून मी तिला शिकवायचे. तिच्या थोरल्या भावाला तिचं सायन्स मुळातच पसंत नव्हतं. कॉलेजातून एक तक्रार आली तरी नाव काढून टायपिंगला घालीन, असं त्याने तिला माझ्यादेखत बजावलं होतं.

त्या वर्षी व्हेक्टरची समीकरणं होती. शाळेतल्या समीकरणात एक्स आणि वाय म्हणजे नुसते आकडे. इथे ए आणि बीच्या डोक्यावर बाण, आणि प्रत्येकाच्या पोटात तीन दिशांचे तीन भाग: आय, जे, के. दोन समीकरणं एकाखाली एक लिहायची, आयखाली आय, जेखाली जे, केखाली के, आणि वरच्यातून खालचं वजा करायचं. मला ते फार आवडायचं. कोण कुठे उभं आहे ते स्वच्छ दिसायचं.

सहामाहीला आम्ही दोघी एकाच बाकाच्या दोन टोकांना बसलो होतो. मी नेहमीप्रमाणे डाव्या हाताचा आडोसा करून लिहीत होते. गणित होतं: दोन ए अधिक बी बरोबर सात आय अधिक पाच के. त्याखाली, ए अधिक बी बरोबर चार आय उणे दोन जे अधिक तीन के. वरच्या ओळीत जे नव्हताच. मी वजाबाकी केली. ए आला तीन आय उणे दोन जे अधिक दोन के. बी आला नुसता आय अधिक के. इतका सुटसुटीत की मी खाली दोन रेघा ओढून मोकळी झाले.

आठवड्याने गणिताच्या सरांनी आम्हा दोघींना स्टाफरूममध्ये बोलावलं. दोन्ही पेपर शेजारी शेजारी ठेवले होते. "बरोबर उत्तर सगळ्या वर्गाचं सारखं येतं," ते म्हणाले. "चुकीचं उत्तर दोघींचंच अक्षर न् अक्षर सारखं कसं येतं? कोणी कोणाचं बघितलं ते उद्या सांगा. नाहीतर दोघींच्या घरी चिठ्ठी जाईल."

मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथेच. परीक्षेत तिचं पेन खाली पडलं होतं. उचलायला ती वाकली आणि जरा जास्तच वेळ वाकलेली राहिली. मध्येच तिने मला वेळही विचारली होती. रात्रीपर्यंत मी एवढे पुरावे जमवले की कोर्टातही टिकले असते. चूक माझी आहे आणि ती तिने उचलली आहे, याची मला खात्रीच पटली.

सकाळी तिला न घेताच मी कॉलेजला गेले. सरांना म्हणाले, "चोर सोडून संन्याशाला फाशी नको, सर. तिनेच माझं बघून लिहिलंय." तिच्या भावाचं बोलणं मला पाठ होतं. तरी म्हणाले.

सरांनी लगेच चिठ्ठी लिहिली नाही. दुपारी रिकाम्या वर्गात त्यांनी आम्हाला फळ्याच्या दोन टोकांना उभं केलं, स्वतः मध्ये उभे राहिले आणि नवं गणित घातलं. या वेळी वरच्या ओळीत के नव्हता आणि खाली होता उणे चार के. आम्ही दोघींनी वजाबाकी केली. दोन्ही टोकांना आला उणे चार के.

सरांनी दोन्ही उत्तरांखाली रेघ ओढली. "शून्यातून उणे चार वजा केले तर किती?"

"अधिक चार," आम्ही दोघी म्हणालो.

"मग वर जागा रिकामी दिसली की खालचं जसंच्या तसं उतरवायचं, हे कोणी शिकवलं?"

ती हातातल्या खडूकडे बघत राहिली. ते मीच शिकवलं होतं. टाकीला टेकून, अगदी ठसक्यात, "वर काही नसेल तर डोकं चालवू नकोस गं, खालचं उचल आणि ठेव." तिने माझ्या शब्दावर आंधळा विश्वास ठेवला होता. आणि मी, अख्ख्या जगावर संशय घेणारी, स्वतःच्या वजाबाकीवर एकदाही घेतला नव्हता.

"मी शिकवलं, सर."

"आणि सकाळी तूच सांगितलंस, हिने कॉपी केली म्हणून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मग फळ्यावर आपलं उत्तर पुसून बरोबर लिहिलं, आणि आलेले ए आणि बी पुन्हा मूळ समीकरणांत घालून बघितले. दोन्ही जुळली. हा ताळा करायला मी तिला कधी शिकवलंच नव्हतं, कारण मी स्वतः कधी करत नव्हते.

चिठ्ठी गेली नाही. घरी जाताना ती दोन पावलं पुढे चालत होती. जिन्यात मी म्हणाले, "चुकलं माझं." ती थांबली नाही. आपल्या दाराशी पोचल्यावर म्हणाली, "उद्या येते गच्चीवर. शिकव तू. पण तुझ्या प्रत्येक गणिताचा ताळा मी करणार."

दुसऱ्या दिवशी ती आली, पण नेहमीसारखी टेकून बसली नाही, समोर बसली. मी गणित सोडवलं. सवयीने डावा हात वहीवर आडवा आला होता, तो तिने उचलून बाजूला ठेवला आणि पहिल्या ओळीपासून तपासायला लागली.