बापाचा फेटा

नारायण पेठेत आमच्या समोर राहणारे चांदभाई फेटे बांधतात. लग्न, मुंज, मिरवणूक, निवृत्तीचा सत्कार, जे डोकं पुढे येईल त्यावर. मी बँकेतून निवृत्त होऊन घरात बसलो आणि हेमाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, डोळ्यांत खुपू लागलो, तेव्हा चांदभाईंनीच मला कामाला लावलं. कापडाच्या चुण्या घालताना दुसरं टोक कुणीतरी ताणून धरावं लागतं. ते मी धरतो. बँकेत इतकी वर्षं नेमकं काय धरून बसलो होतो, ते मला सांगता येणार नाही.

चांदभाईंनी चौथीतच शाळा सोडली आणि ते वडिलांच्या हाताखाली बसले. त्याचं वाईट वाटतं का, असं मी एकदा विचारलं होतं. "वाईट कसलं? पण मी शाळा सोडली, हे कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही," ते म्हणाले आणि पुढच्या फेट्याला लागले.

म्हणूनच वाघोलीच्या सत्यशीलाबाईंना ते नाही म्हणू शकले नसावेत. बाई बांधकामाच्या साइटवर, पत्र्याच्या दोन खोल्यांत, मजुरांच्या मुलांची शाळा चालवतात. इमारत उभी राहिली की माणसं दुसऱ्या साइटवर जातात आणि मुलांची शाळा तिथेच तुटते. पाचवीच्या निकालापर्यंत टिकणारं मूल विरळंच. अशा मुलांचा बाई समारंभ करतात. त्यांना फक्त एक फेटा हवा होता, फोटोपुरता या डोक्यावरून त्या डोक्यावर फिरवायला. चांदभाईंना ते भलतंच लागलं. उष्टा फेटा मी कुणाला घालत नाही, म्हणाले. तेव्हापासून दर उन्हाळ्यात आम्ही गाठोडं घेऊन वाघोलीला जातो आणि प्रत्येक मुलाला त्याचा स्वतःचा फेटा मिळतो.

यंदाच्या मुलांत रुमाना होती, एजाज गवंड्याची मुलगी. साइटचं काम संपलं होतं आणि त्याच दुपारी तिचं कुटुंब सोलापूरकडे निघणार होतं. तिथे जवळपास शाळा नाही, आई कामावर जाणार, धाकट्या भावाला रुमानाने सांभाळायचं, असं ठरलं होतं. थोडक्यात, तिची शाळा आज संपत होती. बाईंनी एजाजला परोपरीने समजावलं होतं. तो मान खाली घालून ऐकायचा आणि "बघू" म्हणायचा. बघू म्हणजे काय, हे पुणेकराला समजावून सांगावं लागत नाही.

चांदभाई रुमानाला फेटा बांधत होते. केशरी कापड होतं. हललं तर फेटा उडून जाईल अशा भीतीने पोरगी श्वास रोखून बसली होती. तुरा नीट करत असतानाच एजाज दारात आला. टेम्पो भरून झालाय, पोरीचा निकालाचा कागद द्या, निघतो, असं तो बाईंना हळूच सांगत होता.

आणि इथे चांदभाई चुकले. लग्नघरात नवरदेवाचा फेटा झाला की लगेच बापाचा, हा त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला नियम. हात त्याच वळणावर गेले. त्यांनी मागे न बघताच विचारलं, "वडील कुठायत? बसा."

या शाळेत आम्ही आईबापांना कधीच फेटा बांधला नव्हता. गाठोड्यात जास्तीचा एकच होता, तोही प्रमुख पाहुण्यांसाठी, आणि पाहुणे रीतीप्रमाणे खराडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते. पण त्या आवाजापुढे भले भले वरबाप गप बसतात. एजाजही बसला. मी सवयीने टोक धरलं.

तुरा उभा केलेला फेटा डोक्यावर असताना माणसाला टेम्पोत गाठोडी रचता येत नाहीत, की समारंभातून गुपचूप उठताही येत नाही. एजाज पहिल्या रांगेत अवघडून बसला. रुमानाने त्याच्याकडे बघितलं आणि त्याच्या पाठीवर सोडलेला शेमला सारखा केला. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. एजाजने त्याला थांबायचा निरोप पाठवला.

मुलाच्या घरचं कुणीतरी उठून मूल सहावीला कुठे जाणार हे सांगतं, अशी बाईंची पद्धत आहे. एजाजची पंचाईत नको म्हणून त्यांनी रुमानाचं नाव वगळलं होतं. तो आपण होऊनच उठला. मला वाटलं, आता हा खरं काय ते सांगून टाकणार. त्याने एकदा फेट्याला हात लावला.

"रुमाना सहावीला जानार हाय," तो म्हणाला. "साळा कंची, ते अजून ठावं न्हाई. पन जानार."

मला रडू आलं. माझ्या स्वभावात ते बसत नाही, पण आलं.

निघताना एजाज फेटा उतरवून द्यायला आला. चांदभाईंनी त्याचा हात धरला. "राहू द्या. त्यात तुम्ही शब्द दिलाय. मी तो परत कसा घेऊ?" बापलेक फेट्यांसकट टेम्पोत चढले.

परतताना मी समाधानाने काहीतरी बोललो, तर चांदभाई म्हणाले, "फेट्यात माणूस वाट्टेल ते बोलतो, शरदराव. मी लग्नं बघितलीत." मग मलाही काळजी लागली. सगळा मे महिना लग्नाच्या गडबडीत गेला, तरी ती काही गेली नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या आणि बाईंनी चांदभाईंच्या मोबाइलवर एक फोटो पाठवला. एजाजने सोलापूरचं काम सोडून खराडीच्या एका इमारतीवर काम धरलं होतं. शाळेच्या फाटकाशी रुमाना उभी होती, नवा गणवेश, अंगापेक्षा मोठा. शेजारी एजाज, डोक्यावर तोच फेटा. स्वतः बांधलेला असणार, कारण एक कान पूर्ण झाकला होता आणि तुरा आडवा झोपला होता.

चांदभाईंनी फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. मग हातातल्या कापडाच्या टोकाने डोळे पुसले.

"काय बांधलाय बघा," ते म्हणाले. "सातवीच्या आधी शिकवायला पाहिजे त्याला."