इतवारीतली धुळीतली रेघ

बायको जाऊन सहा महिने झाले, एका जागी बसवत नाही. पोराच्या मनीषनगरच्या घराजवळ इमारत बांधून राहिले. आज तिथं एक मजूर बाई तूरडाळ पाखडून राहिली होती. त्या भुशाचा वास आला अन् मी पन्नास वर्षं मागं गेलो.

दुष्काळात गाव सोडून आलो अन् इतवारीच्या धान्यबाजारात मी हातठेला ओढायचो. पोते उतरले की सांडलेलं धान्य बायको झाडून न्यायची, तेच आम्ही खायचो. कोणत्या दुकानासमोर कोणी झाडायचं, हे बायांचं ठरलेलं होतं. एक दिवस एक नवीन पोटुशी बाई आमच्या जागेवर झाडू घेऊन बसली. बाकीच्या ओरडल्या, "हाकल वं तिले!"

आमच्या हिनं झाडू उगारला अन् विचारलं, "गाव कोणतं वं तुयं?"

गाव आमच्या गावाच्या शेजारचं निघालं.

"आता तिकडं कोणी उरलं का नाही वं?" ही हसली. झाडूनंच धुळीत रेघ ओढली. "तिकडचं तुयं."

मी चिडलो. "काहून दिलं? आपण काय खाऊ?"

"कालवा येऊन राहिला ना जी तिकडं. पाणी आलं का जाईल ते वापस."

आज मी त्या मजूर बाईले गाव विचारलं. तिनं त्या पोटुशीच्याच गावाचं नाव सांगितलं.

"कालवा नाही झाला काय?"

"झाला ना बाबाजी. बकऱ्या चरते त्यात."

आमच्या हिनं हे ऐकलं असतं, तर झाडू फेकून मारला असता. कोणाले, ते मले समजत नाही.