ह्यांनी घातलेलं गाऱ्हाणं

त्या वर्षी चैत्रात मी गावदेवीशी अबोला धरला होता. दिवा लावायचे, हळदकुंकू वाहायचे, पण मागायचे काही नाही. एच.आय.व्ही. आला, तो आम्ही दोघांनी पदरात घेतला. तो कुणामुळे आला याचा हिशोब नवरा-बायकोत कधी मांडला नाही. पनवेलहून गोळ्या आणायच्या, तांदळाच्या डब्यामागे ठेवायच्या आणि गावात कुणाला कळू द्यायचं नाही, असा अर्ध्याहून अधिक संसार आम्ही निभावला. दवाखान्याच्या बाकावर आमच्या शेजारी बसणारे कितीतरी जण गेले, आम्ही तगलो. त्याचा मला गर्व होता, आजही आहे. मग आता ह्यांचं डोकं कशाला घेतेस, एवढंच मला तिला विचारायचं होतं.

सुरुवात साध्याच गोष्टींनी झाली. हे खाचरावर जातो म्हणून निघायचे, आणि खाचर तर कधीच मोठ्या रस्त्याखाली गेलेलं. चहाचा कप धुवून ठेवला की पुन्हा चहा मागायचे. मी म्हटलं, वय झालं. पण एकदा, गोळी घेतलीच नाही म्हणून माझ्याशी भांडले आणि मी वळताच दुसरी गिळून बसले, तेव्हा मात्र मी त्यांना घेऊन पनवेलचा दवाखाना गाठला. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मावशी, या आजारात काहींच्या मेंदूवरही परिणाम होतो. पूर्वी माणसं एवढी जगतच नव्हती, त्यामुळे आमच्याकडे त्याची वेगळी सोय नाही. मोठ्या तपासण्या मुंबईला कराव्या लागतील. पण गोळ्यांचं वेळापत्रक मोडू नका, आणि हे एकट्याने ओढू नका. शेजाऱ्यांना सांगा."

शेजाऱ्यांना सांगा! मी मान डोलावली आणि घरी येऊन तोंड शिवून बसले. माझ्या हातच्या भाकऱ्या अख्ख्या आळीत जायच्या. लग्नघरी तांदूळ निवडायला पहिलं बोलावणं मला असायचं. ते बंद झालं तर मी कुणाकडे बघणार होते? आणि पोटात आणखी एक भीती होती. आजार मलाही आहे. उद्या मीही विसरायला लागले तर आम्हा दोघांना गोळीची आठवण कोण करणार?

त्यातून नवीनच घोर लागला. विसरता विसरता, आजार लपवायचा असतो हेही हे विसरू लागले होते. एकदा रिक्षावाल्यालाच सांगायला निघाले, मी मोठ्याने खोकून वेळ मारून नेली. आणि पालखी तोंडावर आली होती.

आमच्या गावात पालखी उठण्याआधी देवीला गाऱ्हाणं घालतात. एकजण गावाच्या वतीने मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्याला सगळं गाव होकार भरतं, "होय गो आई!" होकाराशिवाय मागणं देवीपर्यंत पोचत नाही, अशी आमच्याकडची समजूत. गाऱ्हाणं घालायचा मान ह्यांच्या घराण्याचा. आवाज असा की लाउडस्पीकर बंद पडला तरी कुणाला कळू नये. मी भीत भीत म्हटलं, "यंदा भावजींना घालू द्या की." तर म्हणाले, "मी काय मेलो नाय अजून." झालं! मग मी रोज त्यांना पडवीत बसवून सराव घेतला. पाऊस वेळेवर, लेकीसुना सुखात, गुरांना चारा. गावात आता गुरं उरली नाहीत, पण गाऱ्हाण्यात आहेत. सगळं बिनचूक म्हणायचे. पालखीच्या दिवशी मी अबोला मोडला आणि देवीकडे एकच मागितलं. आज ह्यांच्या तोंडून नको ते निघू देऊ नकोस.

देवळापुढे माणसं मावत नव्हती. नव्या इमारतींतली कुटुंबंही मोबाईल घेऊन बघायला आली होती. हे फेटा बांधून ताठ उभे राहिले.

"आई, पाऊस वेलेवर पडू दे."

"होय गो आई!"

"लेकीसुना सुखात ठेव."

"होय गो आई!"

मग ते थांबले. गर्दीत मला शोधलं, आणि पुन्हा देवीकडे वळले. "आई, मला एच.आय.व्ही. हाय."

"होय गो..." सवयीने निम्मं गाव म्हणून गेलं, आणि उरलेला शब्द तसाच घशात राहिला.

"माजे बायकोला पन हाय. आमी दोगं नेमान गोल्या खाऊन जगलो. आता मी इसरतो. ती एकटी पडली हाय. तिला सांभाल."

ढोलवाल्याचे हात थांबले. मी जमिनीकडे बघत होते, कारण वर बघायचं धाडस नव्हतं. तेवढ्यात जत्रेतली दुकानं लागतात त्या बाजूने एका बाईचा खणखणीत आवाज आला, "होय गो आई!" मान वळवून पाहिलं. सुकट विकायला बसलेली एक थोराड कोळीण पाटीमागे उठून उभी होती. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. मग ती गावावरच डाफरली, "काय रं गावकऱ्यांनो, देवीपुढं मानूस मागतंय, नि तुमची तोंडा काय शिवलीत?" माझ्या मागे उभ्या असलेल्या माझ्या जाऊबाईने माझं मनगट घट्ट धरलं आणि ओरडली, "होय गो आई!" मग सगळं गाव ओरडलं. ढोल सुरू झाला. हे जणू काही घडलंच नाही अशा थाटात पुढे म्हणाले, "आई, गुरांना चारा दे."

मी रडत होते. मला लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगते, छाती फुगली होती. उभ्या आयुष्यात मला जे जमलं नाही ते ह्या माणसाने चारचौघांत, देवीच्या तोंडावर सांगितलं होतं. आणि ज्याला चहा प्यायलेला आठवत नाही, त्याला मी एकटी पडले आहे हे आठवत होतं.

पालखी फिरून आल्यावर मी त्या कोळणीला शोधलं. कुणी म्हणालं करंजा बंदरावरची होती, सुकट खपली तशी निघून गेली. तिला देवीने पाठवलं की ती सुकट खपवायला आली होती, मला ठाऊक नाही. दोन्ही खरं असेल. एका घरचं हळदकुंकवाचं बोलावणं त्यानंतर बंद झालं, तेही सांगायला हवं. पण भाकऱ्या परत आल्या नाहीत. आता रोज संध्याकाळी देवळात घंटा वाजली की आळीतून जाणारं कुणी ना कुणी ओरडतं, "काका, गोली घेतली का?" आणि लगेच, "काकी, तुमी?" डबा आता तांदळामागे नसतो, देव्हाऱ्याखाली असतो.

मी मागितलं ते देवीने दिलं नाही, आणि त्याबद्दल मी जन्मभर तिची ऋणी राहीन. कशात आपलं भलं आहे हे आपल्यालाच कळतं, हा माझा हट्ट मी तिच्या पायांशी ठेवला आहे.

ह्यांना त्यातलं काहीच आठवत नाही. पडवीत बसून पुन्हा पुन्हा विचारतात, "यंदाचं गाऱ्हानं झालं काय गो?"

"झालं," मी सांगते.

"गावानं होकार दिला?"

"दिला. सगळ्यांनी दिला."

"मंग बरं," म्हणतात, आणि माझ्यापुढे गोळीसाठी हात पसरतात.